पोळ्याच्या वाटेनं सव्वीस जानेवारी

महागू कोटवाराला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिवरटोल्यात कोण जन्मलं आणि कोण गेलं हे सरकारला त्याच्याकडूनच कळायचं. कोटवार म्हणजे गावचा सरकारी राखणदार. दवंडी द्यायची, साहेब आला की पुढं धावायचं, आणि आठवड्यातून एकदा कटंगीच्या ठाण्यात जाऊन जन्ममरण लिहवून यायचं. महागूच्या खाकी कोटाच्या उजव्या खिशात चिंचोके असत आणि डाव्या खिशात खडे. मूल जन्मलं की एक चिंचोका, माणूस गेलं की एक खडा. ठाण्यातल्या मुंशीपुढं तो एकेक काढून टेबलावर मांडायचा आणि बापाच्या नावासकट सांगायचा. एकदा त्याच्या बायकोनं, शेवंताबाईनं, कोट धुवायला घेतला आणि खिसे उलटे केले. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. महागू उन्हातान्हात घरोघर फिरला, सगळ्यांना विचारलं, आणि संध्याकाळी पुन्हा चिंचोके-खडे बरोबर भरून ठेवले. मुंशी म्हणायचा, या माणसाची चूक काढून दाखवा अन् माझ्याकडून पान खा.

कोणाला ते पान खाता आलं नाही. पण महागूच्या हातून एक चूक झालेली होती, फक्त ती ठाण्यातली नव्हती. ती झाली पन्नास साली, अगदी पहिल्या सव्वीस जानेवारीला.

त्या साली हा सण कसला हे हिवरटोल्यात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. पंधरा ऑगस्ट कळला होता, इंग्रज गेला म्हणून. आता हे दुसरं काय काढलं? गावात ज्यांचा शब्द चालायचा त्या भैयालाल पटेलांनी विचारलं, यात नारळ लागतो का. शाळेचे चैतराम गुरुजी म्हणाले, आजपासून देश आपल्याच लिहिलेल्या कायद्यानं चालणार, त्याचा हा सण. कायद्याचा सण ही गोष्ट पटेलांना जरा अवघडच गेली, कारण कायदा म्हटलं की त्यांना बालाघाटची कचेरी आणि वकीलच आठवत. तरी त्यांनी नारळ दिला. तहसीलीतून आलेल्या कागदात लिहिलं होतं की सकाळी गावातून प्रभातफेरी काढावी, मग झेंडावंदन, मग मुलांना गोड वाटावं.

गुरुजी गावात नवे. त्यांनी महागूला विचारलं, "गावातून फेरी नेतात ती कुठून?"

महागूनं क्षणभरही विचार केला नाही. त्यानं आयुष्यात एकच फेरी पाहिली होती, पोळ्याच्या बैलांची, गुरं जमायच्या माळावरून, म्हणजे आखरावरून, निघणारी. बोट दाखवत तो बोलला, "आखरावरून निघाचं गुरुजी, मारुतीच्या देवळापासून वळाचं, मंग पिंपळाजवळून डाव्या हातानं पटेलाच्या वाड्यावर. तिथून शाळा." गुरुजींनी ते कागदावर उतरवलं, वर्तुळं काढली, बाण काढले आणि कागद शाळेच्या रजिस्टरात चिकटवून टाकला. झालं! देशाच्या नव्या कायद्याची फेरी हिवरटोल्यात बैलांच्या वाटेनं निघाली.

बैल जायचे नाहीत ती एकच जागा गावात होती. पिंपळापासून डावीकडं न वळता सरळ गेलं, नाला ओलांडला, की तीस-बत्तीस घरांचा मोहल्ला. पोळ्याच्या मानाच्या बैलांना तिकडं काय काम! त्या मोहल्ल्यातलं तिसरं घर महागूचं स्वतःचं होतं.

आता हे ऐकून कोणी म्हणेल, माणूस स्वतःचंच घर कसं विसरेल? मला विचाराल तर माणूस विसरतो. वर्षानुवर्षं ज्या वाटेनं चालायचं नाही म्हणून ठरलेलं असतं, ती वाट पुढं डोळ्यांना दिसेनाशीच होते.

शेवंताबाईला मात्र दिसत होती. आदल्या सांजेला नवऱ्यानंच डफडं वाजवून दवंडी दिली होती की उद्या झेंडा गावभर फिरणार, सगळ्यांनी दारं झाडून ठेवा. तिनं ते अक्षरशः मानलं. पहाटे उठून अंगण सारवलं, पांढऱ्या मातीनं झेंड्यावरचं चक्र काढलं, आणि पोरांसाठी सुपात मुरमुरे, फुटाणे अन् गूळ कालवून दारात बसली. चक्राला आरे चोवीस हवेत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनं हाताला आले तेवढे काढले. पिंपळापाशी गलका ऐकू आला, मग तो डावीकडं वळला, मग ऐकू येईनासा झाला. सूप तसंच राहिलं.

संध्याकाळी तिनं विचारलं, "गावभर झेंडा फिरवता जी, मंग आपल्या मोहल्ल्यात काहून नाही आणला?"

तेव्हा कुठं महागूच्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगायचं तर तोंड उघडेना. तो पुटपुटला, "पटेलाचा वाडा तिकडं आहे ना वो."

"हौ का? म्हंजे पटेलानं नाही म्हटलं."

महागू हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मूग गिळून बसला. माणसाचं खोटं बोलणं पुष्कळदा असंच असतं, दुसरा बोलतो आणि आपण भाकरीकडं बघत राहतो.

पुढच्या साली सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. पुढच्या साली चैतराम गुरुजींनी रजिस्टर उघडलं, कागद दाखवला, म्हणाले, "महागू, नेहमीचीच वाट ना?" एका वर्षात ती नेहमीची झाली होती. मग गुरुजी बदलले, दुसरे आले, त्यांनी पण रजिस्टर उघडलं. कागदावर चढलेली वाट कोणाच्या बापाला उतरवता येत नाही. आणि महागूला वाटायचं, आता आपणच म्हणायचं की माझ्या दारावरून न्या? लोक म्हणतील, कोटवाराला मान पाहिजे झाला. लाज आणि भीती यांचं असं घट्ट वेटोळं झालं होतं की कुठलं टोक कोणाचं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

तसा तो भित्रा नव्हता. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली तेव्हा मोहल्ल्यातून सहा जण गेले होते, त्यात महागू होता. परत आल्यावर मोहल्ल्यानं ठरवलं की मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि डफडं वाजवायचं नाही. महागूनं डफडं आढ्याला टांगलं ते टांगलंच. पण दवंडी तर द्यावीच लागणार, ती सरकारी नोकरी! त्यानं घासलेटचा रिकामा डबा घेतला, दोरीनं गळ्यात अडकवला आणि दांड्यानं बडवत गावात फिरला. कुत्री भुंकली, पोरं मागं लागली. पटेल वाड्याच्या ओट्यावरून हसले, "काय रे महागू, हे काय सोंग?"

"सोंग नाही मालक," महागू म्हणाला, "डफडं जातीचं होतं. डबा सरकारी आहे."

पटेल हसायचे थांबले आणि मग जास्तच हसले. पुढच्याच महिन्यात राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, ठाण्यातला कागद हिंदीत यायला लागला, आणि महागूची दवंडी अर्धी इकडची अर्धी तिकडची झाली. "सुनो हो, कल छब्बीस जनवरी आहे, सगळ्याईनं शाळेत याचं!" कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण सगळं गावच आता तसं बोलत होतं. म्हणजे डफड्याच्या जागी डबा आणता आला, भाषा बदलता आली. पिंपळापाशी पाय सरळ टाकणं तेवढं त्याला जमलं नाही.

शेवंताबाईचा राग मात्र छप्पन सालानंतर नुसता राग राहिला नाही, त्याला बळ आलं. ती धान रोवायला जायची तिथं बायांना सांगायची, "हा कायदा बाबासाहेबाईनं लिहिला, अन् त्याचा सण पटेलाच्या दारात! वा रे वा!" तिनं पटेलांच्या शेतात रोवणीला जाणं सोडलं. पटेलीण आजारी होती तेव्हा सगळ्या गावच्या बाया बघून आल्या, ही गेली नाही. आणि तिनं शपथ घातली होती की जोवर झेंडा माह्या दारी येत नाही तोवर मी झेंड्याच्या दारी जाणार नाही. तरी दर सव्वीस जानेवारीला अंगण सारवलेलं असे, चक्र काढलेलं असे आणि सूप भरलेलं असे. कधी चक्राला एकोणीस आरे, कधी तीस. मोहल्ल्यातली पोरं शाळेतून आली की मुरमुरे खायची आणि म्हणायची, काकू, झेंडा यंदा पण नाही आला. ती म्हणायची, तुमी खा. महागू त्या वेळी डबा आत ठेवायला म्हणून घरात जायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही.

चौदा वर्षं हे असं चाललं. चौदा!

चौसष्ट साली घनश्याम गुरुजी नवीन आले. बालाघाटचे, तरुण, सगळं हिंदीत. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी त्यांनी महागूला बोलावलं. रजिस्टरातला तो कागद उंदरांनी कुरतडला होता, निम्मी वर्तुळं आणि दोन बाण उरले होते. गुरुजी म्हणाले, "दादा, आप तो शुरू से हैं। रास्ता आप ही बताइए।"

संधी देवानं दिली म्हणा की उंदरांनी. महागूनं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "वही, नेहमी का. पिंपल से बाएं." शाळेबाहेर आला आणि स्वतःच्याच मांडीवर थाप मारून घेतली त्यानं. असला मूर्ख माणूस मीच एक, असं तो स्वतःशी मोठ्यानं बोलला तेव्हा बाजूनं जाणारी बकरी दचकली.

घरी शेवंताबाई अंगणात उकिडवी बसून सारवत होती. गुडघे धरून उठली, पुन्हा बसली. "यंदा आखरीचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच महागूला सोसेना. "आता होत नाही जी माह्यानं. पुढच्या सालापासून नाही सारवत. पटेलाचं मन काही पालटत नाही, अन् माहे गुडघे काही नीट होत नाही. बस झालं."

एवढी भांडखोर बाई! ठाण्यातल्या मुंशीला तिनं एकदा तोंडावर लबाड म्हटलं होतं. ती आता हरली होती, आणि ज्याच्याकडून हरली तो तिच्या समोर डबा पुसत बसला होता.

सकाळी धुकं इतकं होतं की आखरावरून देऊळ दिसत नव्हतं. चाळीसेक पोरं गोळा झाली, कोणी आईचं लुगडं पांघरून, कोणी बापाचा कोट घालून. पुढं झेंडा घेतलेली चौथीतली मुलगी, तिच्या पुढं महागू डबा बडवत, बाजूला घनश्याम गुरुजी, आणि मागं पांढरा फेटा बांधलेले भैयालाल पटेल पंचांबरोबर. "भारत माता की" असं गुरुजी म्हणायचे आणि "जय" म्हणताना पोरांच्या तोंडातून वाफ निघायची. देवळापासून वळले. पिंपळ आला.

महागूनं तेव्हा काही ठरवलं होतं असं त्यानं पुढं कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचा की पाय डावीकडं टाकायचा होता तो टाकलाच नाही. तो सरळ गेला. मागं झेंडेवाली पोरगी सरळ गेली, कारण तिला सांगितलं होतं की डब्याच्या मागं चालायचं. पोरं झेंड्यामागं गेली. घनश्याम गुरुजींना वाट ठाऊकच नव्हती. मागून पटेलांचा आवाज आला, "अरे महागू! इकडं! इकडं आहे रस्ता!" महागूनं डबा जोरात बडवला. झेंडा पुढं गेलेला, आता पटेल काय एकटेच वाड्यावर जाऊन उभे राहणार? फेटा सावरत तेही नाल्यात उतरले.

तिसऱ्या घरासमोर शेवंताबाई सूप मांडीवर घेऊन बसली होती. आवाज जवळ आला तसं तिला वाटलं, धुक्यात भास होतो. मग डबा दिसला, नवरा दिसला, मागं तिरंगा. ती उठून उभी राहिली, गुडघे विसरून. मोहल्ल्यातल्या बाया धावत दारात आल्या. पोरांनी चक्रावर पाय पडू नये म्हणून वळसा घेतला, आणि चाळीस तोंडांनी "जय" म्हटलं ते तिच्या दारात.

डोळ्यांत पाणी आलं तरी तिची जीभ काही भिजली नाही. पटेल दिसताच चौदा वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. "आले का पटेल! चौदा वर्षानं रस्ता सापडला का? एवढे दिवस आमच्या मोहल्ल्याचा झेंडा अडवून काय मिळालं तुमाले?"

पटेलांनी आ वासला. "मी? म्या काय अडवलं वो?"

गुरुजी घाबरले. पंच एकमेकांकडं पाहू लागले. आता महागूनं नुसता डबा वाजवत पुढं चालायला लागलं असतं तरी सगळं निभावलं असतं. पटेलांवर आळ गेला असता, बायकोचा जीव थंड झाला असता, आणि कोणाला कधी काही कळलं नसतं.

महागूनं दांडा खाली केला.

"त्याईनं नाही अडवलं," तो म्हणाला. "रस्ता म्याच सांगतला होता. पयल्या साली. गुरुजीनं मले विचारलं, अन् म्या पोळ्याची वाट दाखोली."

सूप कललं आणि एक फुटाणा खाली पडला. शेवंताबाई नवऱ्याकडं बघत राहिली. पटेलांना धीर आला. ते म्हणाले, "पाहा! म्या कधी नाही म्हटलं होतं का?"

"नाही म्हटलं नाही पटेल," शेवंताबाई त्यांच्याकडं वळली, आवाज न चढवता. "पण या असं तरी कधी म्हटलं? चौदा वर्षं वाड्यावर उभे राहून झेंडा पाह्यला, इकडं बी घरं आहेत हे एकदाही ध्यानात नाही आलं?"

पटेलांनी अंगणातल्या चक्राकडं पाहिलं. बाई खरं बोलते हे त्यांना कळलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. शेवंताबाईनं सूप पोरांपुढं धरलं. मोहल्ल्यातली पोरं सरसावली, गावातली जागच्या जागी थांबली. घरची शिकवण एवढीशी पोरंही विसरत नाहीत. ती पोरं पटेलांकडं बघायला लागली. पटेल फेट्याखाली घामेजले, भर थंडीत. मग पुढं आले आणि त्यांनी ओंजळ केली. दिलेले मुरमुरे हातात धरून ते किती तरी वेळ उभे होते. शेवटी त्यांनी तोंडात टाकले आणि चावले. त्यानंतर सूप रिकामं व्हायला वेळ लागला नाही. तळाला मूठभर उरले तेवढेच.

फेरी शाळेकडं निघाली. शेवंताबाईनं दार ओढून घेतलं आणि सूप कमरेवर धरून बायांच्या घोळक्यातून चालू लागली. झेंडा चढला, ती पाहत होती. गुरुजींनी संविधानाचं पहिलं पान हिंदीत वाचून दाखवलं, ते तिनं तोंड किंचित उघडं ठेवून ऐकलं. न्याय, समता असे शब्द आले की मान हलवली. महागू खांबाजवळ सावधान उभा होता, पण त्याचा जीव झेंड्यात नव्हता.

परतताना दोघं पिंपळाखालून चालले होते. धुकं गेलं होतं. ती पुढं, तो दोन पावलं मागं. नाल्यापाशी ती थांबली.

"खरं सांगा," ती म्हणाली. "मंगचं जाऊ द्या. मंग तुमाले लाज वाटली, भेव वाटला, ते समजलं मले. पण पयल्या साली? गुरुजीनं तुमाले विचारलं गाव कुठं कुठं आहे. तवा तुमी आपलं घर काहून नाही सांगतलं?"

महागूला पुष्कळ उत्तरं सुचली. चौदा वर्षांत तयार करून ठेवलेली होती त्यानं, एकाहून एक चांगली. त्यानं गळ्यातला डबा काढून खाली ठेवला.

"ध्यानातच नाही आलं वो," तो म्हणाला. "गाव म्हटल्यावर आपण बी त्यात आहो, हे मले ठाऊकच नव्हतं."

शेवंताबाईला रडू आलं की राग आला हे तिचं तिलाच कळलं नसावं. कमरेवरचं सूप तिनं पुढं घेतलं, तळाचे मूठभर मुरमुरे गोळा केले आणि नवऱ्याचा हात ओढून त्यात घातले.

"घे, खा," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं, आणि महागू तिथं नाल्याच्या काठावर उभा राहून खाऊ लागला.